आमची वाटचाल : जुन्या गाड्यांचं सस्पेन्शन

गॅरेज सुरू केलं तेव्हा ऑइल बदलण्यापासून क्लचपर्यंत मिळेल ते काम आम्ही घेत होतो. सस्पेन्शनकडे, म्हणजे चाकं गाडीला जोडून धक्के झेलणाऱ्या भागांकडे वळलो, कारण शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारा भाग) बदलूनही खडखड न गेलेल्या गाड्या आमच्याकडे वारंवार येऊ लागल्या. मालक वैतागलेले असायचे. पैसे गेले आणि आवाज तिथेच. पाहावं तर नवे शॉकअप ठणठणीत, ढिली मात्र लिंक रॉड (सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी), नाहीतर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, मागचा बूश (सांध्यातला रबरी भाग) फाटलेला.

त्यातून आमची पद्धत ठरत गेली. आधी मालकाला शेजारी बसवून गाडी चालवायची आणि आवाज नेमका कधी येतो ते ऐकायचं. मग गाडीचं वजन चाकांवरच ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडते त्या सांध्यावर, हात ठेवायचा. तिथली ढिलाई कानाआधी बोटांना कळते. बूश मात्र टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवल्याशिवाय दाद देत नाहीत. टायरही बरंच सांगतात. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांचा) संशय, ठिकठिकाणी खोलगट चट्टे असतील तर शॉकअपचा. गाडीचा कोपरा दाबून सोडायची चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. आम्हीही ती करतो, पण तिच्यावर निकाल देत नाही. पार संपलेला शॉकअप तिच्यात सापडतो, अर्धवट गेलेला निसटतो.

पहिली मोठी खरेदी हायड्रॉलिक प्रेसची, म्हणजे घट्ट बसलेले भाग दाबून काढणाऱ्या-बसवणाऱ्या यंत्राची, केली. पाटी रंगवायची राहिली ती राहिलीच. प्रेस आल्यावर अख्खा आर्म न बदलता नुसता बूश बदलून देता येऊ लागला आणि गिऱ्हाईक टिकलं ते बहुतेक त्यामुळेच. अर्थात, बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) आर्मलाच पक्का असेल आणि तोही गेला असेल, तर नवा आर्म टाकणंच परवडतं, हे आम्ही स्वतःहून सांगतो.

नव्या मुलांना आम्ही सगळ्यात आधी शिकवतो ते बूशचे बोल्ट कधी आवळायचे ते. बूशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं आणि आर्म वर-खाली होताना ते पीळ खातं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बूश बघता बघता फाटतो. मग दोष मालावर जातो. आम्ही बोल्ट आधी हाताने बसवतो, गाडी चाकांवर उतरवतो आणि मगच टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळतो. यात वेळ जातो. त्यावरून कुरकुर झाली तरी आम्ही पद्धत बदलली नाही.

शॉकअपच्या जोडीवरूनही वाद होतात. मालक विचारतात, एकाच बाजूचा गळतो, मग दोन कशाला? पण एका ॲक्सलवर (डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीवर) एक नवा आणि एक थकलेला असला, की ब्रेक मारताना किंवा वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी) उघडलाच आहे तर वरचं माउंट (गाडीला जोडणारी बैठक) आणि बंप स्टॉपही (मोठा धक्का अडवणारा रबरी ठोकळा) तपासून घेतो. मजुरी एकदाच लागते. स्प्रिंग दाबायचं काम मात्र फक्त अनुभवी माणसाकडे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो.

गाडी खाली बसवायला स्प्रिंग कापून मागणारे येतात. त्यांना सरळ नाही म्हणतो. पॉलियुरेथेनचे (रबराहून कडक प्लास्टिकचे) बूश कोणी मागितलेच, तर टिकतील पण हादरे आत जास्त जाणवतील, एवढं सांगून बसवतो. रोजच्या गाडीला आमची पसंती रबरालाच.

जुन्या गाड्यांत खरी डोकेदुखी भाग जुळण्याची. मॉडेल तेच, पण मधेच स्ट्रटच्या ब्रॅकेटची भोकं बदललेली असतात आणि कॅटलॉग दोन्हींना एकच नंबर दाखवतो. म्हणून जुना भाग काढून मोजल्याशिवाय नवा मागवत नाही, आणि जुळलेला नंबर चेसिस नंबरासकट वहीत उतरवतो. ती वही आता चांगलीच जाड झाली आहे. इतर गॅरेजवालेही फोन करून नंबर विचारतात. देतो आम्ही, बदल्यात त्यांना सापडलेला एखादा नंबर मागून घेतो.