तुझं काय जातंय हात जोडाय?

रविवार, रात्री साडेअकरा

आज जेवण झाल्यावर कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला गेलो होतो. समोर म्हैस, धार थेट ग्लासात, वर दोन बोटं फेस. विषय ऊसदरापासनं सुरू झाला आणि कसा कुणास ठाऊक, देवावर आला. आमचा एक दोस्त, तालमीतला, मिशीवरचा फेस पुसत म्हणाला, "तू देव मानत न्हाईस, बरं, नको मानू. पण हात जोडाय तुझं काय जातंय मर्दा? असला तर फायदाच की, आणि नसला तर दोन मिनिटं गेली." बाकीचे हसले आणि विषय तिथंच मिटला. माझ्या डोक्यात मात्र अजून चालू आहे.

कारण हे त्यानं जे सांगितलं ते साडेतीनशे वर्षांपूर्वी ब्लेझ पास्कल नावाच्या फ्रेंच माणसानं जवळजवळ असंच लिहून ठेवलंय. आणि तो काय साधासुधा गडी नव्हता. बापाचं करवसुलीच्या हिशोबाचं काम हलकं व्हावं म्हणून पोरवयात बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवलेला माणूस. १६५४ मध्ये फर्मा नावाच्या दुसऱ्या गणितीशी त्याची पत्रापत्री झाली, विषय काय तर जुगाराचा डाव मध्येच मोडला तर टेबलावरचे पैसे कसे वाटून घ्यायचे. शक्यतेचं सगळं गणित तिथनं सुरू झालं असं म्हणतात. तर हा म्हणतो, देव आहे किंवा नाही, बुद्धीनं ठरत नाही, पण पैज लावायला नाही म्हणायची सोय नाही, तू जहाजात आधीच बसलेला आहेस. मग हिशोब कर. आहे धरलंस आणि निघाला, तर अनंत सुख. आहे धरलंस आणि नाही निघाला, तर गेलं काय?

आपल्याकडं पण हे जुनंच आहे. संस्कृतात एक सुभाषित आहे, त्याची दुसरी ओळ: नास्ति चेन्नास्ति नो हानिः, अस्ति चेन्नास्तिको हतः. म्हणजे परलोक नसला तर आपलं नुकसान काही नाही, पण असला तर नास्तिक मेला. दोस्तानं हे वाचलेलं असणं शक्य नाही, पण बोलला तेच.

आता मी पडलो विम्याच्या धंद्यातला, त्यामुळं हे ऐकलं की पहिल्यांदा प्रीमियमच आठवतो. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पाणी ओसरल्यावर ज्या दुकानदारांनी पुराचं कव्हर घेतलं नव्हतं ते चिखलाचे पाय घेऊन विचारायला आले, आता मिळंल का. तेव्हा थोडं देऊन मोठ्या नुकसानीपासनं वाचणं यात वेडेपणा काही नाही, ते मी दिवसभर लोकांना सांगतच असतो. पण विम्यात रक्कम ठरलेली असते. दहा लाख, पन्नास लाख. म्हणून तर प्रीमियम काढता येतो. पास्कलच्या पॉलिसीत रक्कम आहे अनंत, आणि अनंत आलं की गणित चालायचंच बंद होतं. देव असण्याची शक्यता निम्मी धरा, हजारात एक धरा, कोटीत एक धरा, गुणिले अनंत केलं की उत्तर अनंतच. इथपर्यंत पास्कल खूश. पण मग मी आज नुसतं दूध पिऊन घरी येऊन झोपलो आणि उद्या माझा विश्वास बसण्याची कोटीत एक शक्यता ठेवली, तरी त्या झोपेची किंमत पण अनंतच की! मग आत्ता उठून देवळात जाणं आणि पांघरूण घेऊन पडणं यात फरक काय राहिला? हा मुद्दा माझा नाही, तत्त्वज्ञानवाल्यांनी कधीच काढून ठेवलाय, पण त्याला उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

आणि दुसरं, जे मला जास्त टोचतं. अनंताचं नाव घेतलं की समोरचा काहीही मागू शकतो. "पाच हजाराची पूजा कर, नाहीतर सात पिढ्यांना दोष लागंल, पाच हजारानं तुझं काय जातंय?" हे वाक्य कुठल्याही भोंदूच्या तोंडात बसतं, आणि बसतं म्हणूनच त्यांचं दुकान चालतं. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्यासाठी माणूस वर्षानुवर्षं झगडला होता. ज्याच्या घरातलं डाग-दागिने गेले त्याला विचारावं काय जातंय ते. पास्कल म्हणणार की अनंतापुढं तुझं हे सगळं शून्य. अरे पण आपल्याकडं आहे ते हेच तेवढं आहे, दुसरं आणलंय कुठनं?

बरं, पैज लावायची तर कुणावर? दिदरो नावाच्या फ्रेंच माणसानंच पुढं शेरा मारला होता की एखादा इमामही हाच युक्तिवाद करू शकतो. यावर कोल्हापूरचं उत्तर तयार आहे, सगळ्यांवर लाव. अंबाबाई, जोतिबा, कुंभोजला बाहुबली, मोहरमला बाबूजमाल दर्ग्याचे पंजे, आम्हाला कुठं अडचण आहे. इथं हे खरंच चालतं आणि मला ते आवडतं पण. पण पास्कलच्या देवाला ते चालणारं नाही, त्याच्या धर्मात पहिलीच आज्ञा ती, माझ्याशिवाय दुसरा देव नको. म्हणजे चार तिकिटं काढून ठेवली तर त्यातलं एक तिकीटच उरलेल्या तिन्हींमुळं रद्द!

खरी गोम मात्र पुढंच आहे. समजा गणित पटलं. सगळं पटलं. म्हणून विश्वास बसतो काय? मला कुणी लाख रुपये देतो म्हणालं तरी आत्ता या मिनिटाला रंकाळा तलाव कोरडा आहे असं मी मानू शकत नाही. तोंडानं म्हणीन, दहा वेळा म्हणीन, पैसे घेईन. मानणं वेगळं. आणि आमच्याकडं प्रपोजल फॉर्म भरताना माणसानं सगळं खरं सांगायचं असतं, बीपी, शुगर, तंबाखू, लपवलेलं उघडकीला आलं तर क्लेम अडकतो. सगळं जाणणाऱ्या देवापुढं, मी फायद्यासाठी तुला मानतोय, हे लपवणार कुठं?

हे पास्कलला कळलं होतं, आणि इथं मला तो माणूस एकदम आवडायला लागतो. त्यानं लिहिलंय की तुला मानायचंय पण जमत नसंल, तर जे आधी तुझ्यासारखे होते त्यांनी काय केलं ते बघ. त्यांनी मानत असल्यासारखं वागायला सुरुवात केली. तीर्थाचं पाणी घेतलं, प्रार्थना म्हणवून घेतल्या. करत राहा, आपोआप येईल. म्हणजे एवढ्या मोठ्या गणितीचा शेवटचा सल्ला गणिताचा नाहीच, सवयीचा आहे.

पण तो सल्ला मी पाळलेलाच आहे की, न ठरवता. लहानपणापासनं आईबरोबर जोतिबाला जातोय. चांगभलं ओरडलोय, गुलाल उधळलाय, खोबऱ्याचे तुकडे उचललेत, तो गुलाल अजून मोबाईलच्या कव्हरच्या कडेला बसलाय, ब्रशनं पण निघत नाही. आणि आलं काय? विश्वास नाही आला. डोंगर चढताना बरं वाटायला लागलं, हलगी वाजली की पाय हलतात, एवढं आलं. ते कमी आहे असं मी म्हणत नाही, पण पास्कल ज्याचं आश्वासन देतो ते हे नव्हे.

मुळात त्याला स्वतःला पैजेची गरज होतीच कुठं. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री, साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास, त्याला काहीतरी झालं. काय ते त्यालाच माहीत. त्यानं कागदावर लिहिलं, आग. आणि लिहिलं, अब्राहमचा देव, इसहाकचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून घेऊन फिरला, १६६२ ला मेल्यावर नोकराला सापडला. पैजेचं टिपण छापलं गेलं १६७० ला. म्हणजे ज्यानं पैज मांडली त्याला ती लागत नव्हती, आणि ज्याला लागते त्याच्या ती उपयोगाची नाही. मला तर वाटतं ती त्यानं जुगारी मित्रांना त्यांच्या भाषेत समजावायला काढली असावी.

पैजच लावायची तर बुद्धानं अपण्णक सुत्तात, म्हणजे त्याच्या एका प्रवचनात, सांगितलेली बरी. परलोक असो नसो, नीट वाग, नसला तरी इथंच चार शहाणी माणसं तुला बरा म्हणतील. यात हरायची सोयच नाही, आणि कशावर विश्वास बसवायची कसरत पण नाही. मी वागण्यावर पैज लावायला तयार आहे. देव आहे, या वाक्यावर नाही, ते पटायचं असंल तर पटंल, हिशोबानं नाही.

आणि आई काय हिशोब करते? मागच्या खेपेला गाभाऱ्यासमोर उभी राहून ती जोतिबाला चक्क झापत होती. "किती दिस सांगायलोय तुला गुडघ्याचं, ऐकू येत न्हाई व्हय रे?" मागं रांगेतली माणसं ढकलायला लागली तरी हलंना, पुजाऱ्यानं पुढं व्हा म्हटलं तर त्याच्यावर पण डाफरली. असंल तर असंल म्हणून मानलेल्याला कुणी असं बोलतं होय?