गुहागरच्या दमट हवेत इमूची अंडी उबवली, माझा अनुभव

आमच्या गुहागरकडे इमूची अंडी मशीनला लावायची म्हटली की खरी लढाई टेंपरेचरशी नसते, हवेतल्या ओलाव्याशी असते. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

इमू शहामृगाच्याच जातकुळीतला, न उडणारा, फक्त शहामृगाच्या पायाला दोन बोटं आणि इमूला तीन. शहामृगाचं अंडं चांगलं सव्वा-दीड किलोचं असून 42 दिवसांत फुटतं आणि इमूचं 500-600 ग्रॅमचं अंडं मात्र 50 दिवसांच्या आसपास घेतं. निसर्गात हे काम नर करतो, जवळपास आठ आठवडे काही न खाता अंड्यांवर बसून राहतो, तेच आपण मशीनकडून करून घेणार म्हणजे जबाबदारी केवढी बघा.

तर ओलावा. अंडं उबताना आतलं पाणी कवचातून हळूहळू उडून जावं लागतं, मूळ वजनाच्या साधारण 15 टक्के. 600 ग्रॅमचं अंडं असेल तर 90 ग्रॅम, आठवड्याला 12-13 ग्रॅम झाले. एवढं पाणी गेलं तरच आतली हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. समुद्रालगतच्या हवेत पाणी उडतच नाही हो. पहिल्या लॉटमधली न फुटलेली अंडी उघडून बघितली तर आत पूर्ण वाढलेलं पिल्लू, अंगावर पट्टेसुद्धा आलेले, पण मान आणि पाय पाणी धरून सुजलेले, वळायला जागाच नाही. फार वाईट वाटलं.

मग ट्रेमध्ये पाणी ठेवणं साफ बंद केलं, माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो. खोलीच्या खिडक्या पॅक केल्या, आत एसी लावला, कारण मशीन खोलीतलीच हवा ओढतं, ती कोरडी असली की काम होतं. टेंपरेचर 36 ते 36.5. लाइटचा भरवसा नाही म्हणून जनरेटर हवाच, यात काटकसर करू नका. आणि प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने नंबर टाकून दर आठवड्याला वजन, वहीत लिहायचंच. वजन कमी उतरत नसेल तर एसी अजून वाढवायचा.

कवच गडद हिरवं आणि जाड, त्यामुळे कोंबडीच्या अंड्यासारखं टॉर्च लावून आतलं काही दिसत नाही. शेवटच्या दिवसांत अंडं सपाट टेबलावर ठेवायचं आणि जवळ तोंड नेऊन शिट्टी मारायची, आत जीव असेल तर अंडं जागच्या जागी डुलतं! आमची आई हे बघायला रोज खोलीत यायची.

पिल्लं निघाली की खाली गोणपाट टाका, गुळगुळीत लादीवर पाय फाकतात आणि तसा पाय पुढे सुधारणं फार कठीण. पहिले दोन-तीन दिवस ती खात नाहीत, पोटातल्या बलकावर निभतं, घाबरू नका.

आपल्याकडे मादी थंडीत अंडी देते. मार्चनंतर खारा वारा सुरू होतो, तेव्हा आलेली उशिराची अंडी मी मशीनला लावत नाही, घरी ऑम्लेटला वापरतो.