गायमनची उंच काळी टोपी आणि माझी नऊवारी

आज २८ जुलै, अर्जेंटिनातल्या आख्ख्या चुबुत प्रांताला सुट्टी. १८६५ साली याच दिवशी मिमोसा नावाचं जहाज वेल्समधली दीडशेच्या आसपास माणसं घेऊन इथल्या किनाऱ्याला लागलं, आत्ता जिथे पुएर्तो माद्रिन शहर आहे तिथे, लिव्हरपूलहून दोन महिने प्रवास करून, आणि तेही ऐन हिवाळ्यात, कारण अर्जेंटिनात जुलै म्हणजे आपला पौष. घर सोडायचं कारण काय, तर इंग्रजीच्या रेट्यात आपली वेल्श भाषा आणि आपला धर्म टिकणार नाही ही भीती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ गप्पच होते. भाषेसाठी माणसं पॅटागोनियाच्या, म्हणजे या दक्षिण टोकाकडच्या, माळावर येऊन राहिली!

आम्ही चुबुतमधल्या गायमन या गावी राहायला आलो ते नवऱ्याच्या पवनचक्क्यांच्या कामामुळे. लेक सात वर्षांची, इथल्या वेल्श लोकनृत्याच्या ग्रुपमध्ये जाते, त्यामुळे यंदा ड्रेस शिवायची वेळ माझ्यावर आली आणि मला काहीच येत नव्हतं म्हणून शेजारच्या आजींकडे गेले. त्यांना सगळी गल्ली नाइन म्हणते, वेल्शमध्ये नाइन म्हणजे आजी. वय ८१, सकाळी स्पॅनिश रेडिओ, हातात माते, म्हणजे इथला चहासारखा काढा, आणि मांजराशी मात्र वेल्शमध्ये बोलणार.

चार दुपारी आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. लाल-काळ्या चौकड्यांचा लोकरीचा घेरदार स्कर्ट, वर एप्रन, खांद्यावर शाल आणि मग ती टोपी, उंच, काळी, धुराड्यासारखी सरळ वर गेलेली. मुलींच्या टोप्या पुठ्ठ्यावर काळं फेल्ट चिकटवून करतात. पण खरं काम असतं टोपीच्या आत, चेहऱ्याभोवती जी पांढऱ्या लेसची झालर दिसते तिचं. नाइन ती झालर स्टार्चमध्ये बुडवून, इस्त्रीचं टोक घालून एकेक चुणी बसवत होत्या, बोटं थरथरत होती पण चुणी सरळच बसत होती. माझी आज्जी निऱ्या करताना अशीच ओठ मुडपून बसायची.

मी विचारलं, तुमच्या आजी हे रोज घालायच्या का? तर त्या उठल्या आणि एक फोटो घेऊन आल्या. चाक्रावर, म्हणजे शेतावर, कालव्याच्या काठाशी उभी असलेली बाई, डोक्याला साधा रुमाल, साधाच झगा. टोपी नाहीच.

घरी येऊन मी वाचत बसले तेव्हा कळलं की हा जो वेल्श पोशाख आपण चित्रात बघतो तो खेड्यातल्या बायकांच्या कपड्यांवरूनच आला, पण त्याला राष्ट्रीय पोशाख म्हणून पुढे आणण्यात लेडी लॅनोव्हर या श्रीमंत बाईंचा मोठा वाटा होता, त्यांनी १८३४ साली कार्डिफच्या आयस्टेडवडमध्ये, म्हणजे तिकडच्या काव्य-संगीताच्या संमेलनात, भाषा आणि पोशाख जपण्यावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं. म्हणजे लेकीला मी जे शिवतेय ते पणजीचं नाहीच?

दुसऱ्या दिवशी नाइनना तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या आजीला टोपीची गरजच नव्हती. तिचं घर वेल्श, चॅपेल वेल्श, भांडणसुद्धा वेल्श. माझी नातवंडं स्पॅनिश बोलतात. टोपी घातली की निदान विचारतात, हे काय आहे म्हणून. मग मी सांगते."

मला हे पटलं, अगदी आतून पटलं. माझ्या आईने तरी नऊवारी कुठे रोज नेसली?

आणि इथल्या लोकांनी पोशाख नुसता कपाटात जपला नाहीये, बदललाही आहे, मला तर तेच जास्त आवडतं. आयस्टेडवडला कवींचा जो मंडळ-सोहळा होतो, त्यात वेल्समध्ये पायघोळ झगे असतात, इथले लोक पोंचो, म्हणजे डोक्यातून घालायची घोंगडीसारखी शाल, घालतात. पोंचो! इथल्या वाऱ्याला आणि घोडेस्वारीला शोभणारा. इथल्या मूळच्या तेहुएल्चे लोकांनी या वसाहतीला सुरुवातीच्या वर्षांत शिकार शिकवली, पावाच्या बदल्यात मांस दिलं, तेव्हा इथल्या मातीचं काहीतरी अंगावर येणारच ना.

दुपारी चॅपेलमध्ये चहा होता, पाव-लोणी, जॅम, आणि तोर्ता नेग्रा, तो काळा दाट फळांचा केक. नाइनने आधीच बजावलं होतं, "तू तुझं नेसून ये." म्हणून आईची हिरवी नऊवारी नेसले, आत थर्मल, वरून शाल. वारा इतका की लेकीने टोपीची रिबीन हनुवटीखाली घट्ट धरून ठेवली होती, नाचतानासुद्धा एक हात तिथेच.

चहा ओतताना नाइन माझ्या मागे आल्या, वाकून कासोटा बघितला, हात लावला आणि म्हणाल्या, "पिन कुठंय?" मी म्हटलं, पिन नाहीच, नुसतं खोचलंय. त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी टेबलावरच्या दोघी मैत्रिणींना हाक मारून बोलावलं आणि तिघींनी मिळून माझ्या निऱ्या मोजल्या, वेल्शमध्ये.

रविवारी तिघी घरी येणार आहेत, नेसायला शिकायला. माझ्याकडे नऊवारी एकच आहे, तेव्हा आळीपाळीने.