लेंड्या वाचताना

ठाण्या-नवी मुंबईतल्या ज्या फ्लॅटमध्ये गिनिपिग आहे, तिथे फ्रिजचं दार उघडलं की दुसऱ्या खोलीतून शिट्टी येते. कोथिंबिरीची पिशवी नुसती कुरकुरली तरी 'वीक वीक' सुरू. एखाद्या सकाळी फ्रिज उघडला आणि पलीकडे चिडीचूप, तर हातातलं काम टाकून पिंजऱ्याकडे जावं.

कारण हा प्राणी आपणहून काही सांगणाऱ्यांतला नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा, आणि जन्मजात दुसऱ्याचं भक्ष्य. कळपात जो ढिला दिसतो तो आधी उचलला जातो, म्हणून दुखणं लपवण्यात याचा हात कोणी धरणार नाही. आपल्याला जेव्हा 'आज जरा मलूल वाटतोय' असं वाटतं, तेव्हा आजार बहुतेक वेळा दोन-चार दिवसांचा जुना झालेला असतो.

म्हणून डोळ्यांपेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवावा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. वर डबा ठेवून काटा शून्य करायचा, डब्यात कोथिंबिरीची काडी टाकायची आणि ती संपेपर्यंत आकडा बघायचा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. मोठ्या गिनिपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम. वीस-तीस ग्रॅम इकडेतिकडे होणारच. पन्नास घटले तर रोज वजन करावं, आणि शंभराच्या आसपास घटले तर त्याच दिवशी डॉक्टर. नऊशे ग्रॅमच्या जिवाचे शंभर ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा-सात किलो.

दुसरा साक्षीदार म्हणजे लेंड्या. पाहुण्यांसमोर बोलायचा विषय नाही, पण गिनिपिगवाली माणसं एकमेकांना त्यांचे फोटो बिनदिक्कत पाठवतात. चांगली लेंडी लांबट, दोन्ही टोकांना गोलसर, घट्ट, आणि सगळ्या जवळपास एका मापाच्या. त्या बारीक आणि कोरड्या झाल्या, एका टोकाला निमुळत्या झाल्या, तर पोटात चारा कमी जातोय. रात्रभरात एकही नाही, तर थांबायचं नाही. याचं आतडं सतत चालतं राहिलं तरच ठीक. बारा तास काही खाल्लं नाही की ते मंदावतं, गॅस धरतो, आणि याला उलटीही होत नाही. मधूनच तो वाकून मागची मऊ लेंडी थेट तोंडात घेतो, त्याने मात्र घाबरू नये. ती त्याच्या जेवणाचाच भाग आहे.

सगळ्यात जास्त फसवतात ते दात. वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच झिजतात. गवत कमी पडलं की मागच्या दाढा आत कलून जिभेवर कमान धरतात. पुढचे दात दिसायला छान, म्हणून घरच्यांना पत्ता नसतो. तो भाजीकडे धावतो, तुकडा उचलतो, तोंड हलवतो आणि टाकून देतो. आपण म्हणतो, नखरे आले. त्या वेळी हनुवटीखाली बोट फिरवावं. केस ओले, चिकट लागले तर नखरे नव्हेत, लाळ आहे.

चालताना मागचे पाय जड, उचललं की किंचाळणं, केस राठ: हा क जीवनसत्त्वाचा तुटवडा असू शकतो. माणसासारखंच याच्याही शरीरात ते तयार होत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आणि त्यासाठी ढोबळी मिरचीच्या दोन-तीन चकत्या पुरतात. पाण्यात थेंब टाकायची पद्धत मला पटत नाही. उजेडात ते लवकर विरतं, वर चव बदलली म्हणून तो पाणीच कमी पितो.

डोळ्यांतून येणारं दुधासारखं पाणी तो तोंड धुवायला वापरतो, ते ठीक. पापणीवरची खपली ठीक नाही. लघवी पांढुरकी, गढूळ असणं चालतं. लाल दिसली आणि करताना तो कण्हला, तर मूतखडा असू शकतो. मोठ्या गिनिपिगला लसूणघास रोज घालणाऱ्यांनी इथे कान टवकारावेत, त्यात कॅल्शियम फार, आणि खडा बहुतेक त्याचाच होतो.

आपल्याकडची हवा ही वेगळी डोकेदुखी. अठ्ठावीस अंशांपुढे याला उष्माघाताची भीती, आणि मे काय, ऑक्टोबर काय, दुपार त्याच्या वरच. घाम येत नसल्याने नुसत्या पंख्याने भागत नाही. आडवा पडून धापा टाकत असेल तर कान आणि पाय साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसत डॉक्टरकडे जायला गाडीत बसावं, बर्फ नको. जुलैत गवताला बुरशी धरते. कुबट वास आला की अख्खी पिशवी टाकावी, वरचं काढून खालचं वापरू नये.

डॉक्टर मिळेपर्यंत पेलेट्स (त्याच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजने, ओठांच्या बाजूने, थोडं थोडं भरवता येतं. पोट ढोलकीसारखं ताणलेलं असेल तर मात्र काहीही भरवू नये.

आणि घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हरगिज नाही. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिनच्या जातीची औषधं याच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात, वाईट माजतात, आणि सर्दीवर दिलेलं औषध जीव घेतं. कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यातही हे फोनवरच विचारून घ्यावं: गिनिपिग बघता का, आणि कोणतं अँटिबायोटिक देता? ऑपरेशनसाठी 'रात्रीपासून उपाशी ठेवून आणा' असं उत्तर आलं, तर दुसरा नंबर लावावा.