हायरा व्हॅल्यू उचलते कुठून? : माझा अनुभव

आमचे काही सर्व्हर अंधेरीच्या ऑफिसात, बाकीचे ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये. कॉन्फिगरेशन सगळ्यांचं पपेटवर (सर्व्हरची मांडणी कोडमधून लावणारं टूल). टाइमझोन सगळीकडे तोच, एनटीपी सर्व्हर (घड्याळं जुळवणारे) मात्र जागेप्रमाणे वेगळे. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पपेटच्या कोड फाइलमध्ये, इफ-एल्सची रांग लावण्यापेक्षा हा डेटा हायरात, म्हणजे पपेटच्या डेटा शोधण्याच्या सोयीत, काढला. पपेट ४.९ पासून हायरा ५ सोबतच येते.

एन्व्हायर्नमेंटच्या हायरा.यामलमध्ये चार थर ठेवले. सर्वांत वर नोडची, म्हणजे त्या एका मशीनची फाइल (सर्टनेमच्या, म्हणजे मशीनच्या सर्टिफिकेटवरच्या नावाने), खाली लोकेशन, मग ओएस फॅमिली, तळाला कॉमन. शोध वरून खाली होतो आणि पहिली सापडलेली व्हॅल्यू घेतली की तिथेच थांबतो. 'एनटीपी::सर्व्हर्स' अशी की (key, म्हणजे व्हॅल्यूचं नाव) लिहिली, तर पपेट कोडमधल्या 'एनटीपी' क्लासच्या 'सर्व्हर्स' पॅरामीटरला तिची व्हॅल्यू आपोआप मिळते. कोलन दोन हवेत. एकच पडला तर की वेगळी ठरते आणि क्लासमधला डीफॉल्ट लागतो.

लोकेशनच्या थराला मशीनचं ठिकाण सांगणारा फॅक्ट (मशीनने स्वतःबद्दल कळवलेली माहिती) लागतो, आणि तो आयता नसतो. 'डेटासेंटर=ऐरोली' एवढ्या एका ओळीची टेक्स्ट फाइल फॅक्टरच्या (फॅक्ट गोळा करणारं टूल) फॅक्ट्स.डी फोल्डरमध्ये पपेटकडूनच टाकली. एजंट (मशीनवरचा पपेटचा प्रोग्रॅम) चालवला, तर ऐरोलीच्या मशीनवर कॉमनमधलेच एनटीपी सर्व्हर आले. एरर नाही, वॉर्निंगही नाही.

अशा वेळी फायली उघडून डोळे फोडू नयेत. पपेट सर्व्हरवर 'पपेट लुकअप एनटीपी::सर्व्हर्स --नोड', पुढे मशीनचं सर्टनेम आणि शेवटी '--एक्स्प्लेन' असं चालवलं. प्रत्येक थराचा मूळ पाथ आणि प्रत्यक्षात बनलेला पाथ समोर येतो. लोकेशनच्या जागी दिसलं 'लोकेशन/.यामल', खाली 'पाथ नॉट फाउंड'. फॅक्ट नसला की हायरा तिथे रिकामी स्ट्रिंग बसवते, तशी फाइल सापडत नाही, आणि तो थर गुपचूप ओलांडला जातो. नसलेली फाइल ही हायराच्या लेखी चूकच नव्हे.

फॅक्ट रिकामा का, तर एजंट आधी फॅक्ट गोळा करून पाठवतो आणि कॅटलॉग (त्या मशीनवर काय काय करायचं त्याची सर्व्हरकडून आलेली यादी) नंतर लागू होतो. म्हणजे फाइल पडली तोवर त्या रनचे फॅक्ट निघून गेले होते. दुसऱ्या रनला सगळं जागेवर आलं. दोन रनमधलं डीफॉल्ट अंतर ३० मिनिटांचं आहे. घाई असेल तर एजंट हाताने पुन्हा चालवावा. लुकअपसुद्धा मशीनला जाऊन विचारत नाही, मागच्या रनचे साठवलेले फॅक्टच वाचतो.

ओएस फॅमिलीच्या थरातही हाच सापळा निघाला. फॅक्टमध्ये रेडहॅटचे आर आणि एच कॅपिटल असतात. फाइलचं नाव सगळं स्मॉलमध्ये ठेवलं तर लिनक्सवर ती फाइल नाहीच.

पुढे ॲडमिनची यादी. कॉमनमध्ये चार नावं, लोकेशनमध्ये आणखी दोन, मशीनवर दोनच. पहिल्यावर थांबण्याचा नियम ॲरेलाही लागू, बेरीज होत नाही. कॉमनमध्येच 'लुकअप_ऑप्शन्स' खाली त्या कीसाठी मर्ज 'युनिक' दिलं, सहा नावं आली. हॅशसाठी (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांसाठी) 'हॅश' आणि 'डीप' असे मर्जचे दोन प्रकार आहेत. 'हॅश' फक्त वरच्या पातळीच्या की एकत्र करतो. आतला हॅश वरच्या थराचाच अख्खा राहतो. 'डीप' आतपर्यंत जातो. डीप मी जपून वापरतो, कारण खालच्या थरातली एखादी नोंद एका मशीनपुरती काढायची तर नॉकआउट प्रीफिक्सची (नोंद वगळण्यासाठी तिच्या आधी लावायच्या खुणेची) कसरत आली. त्यापेक्षा की दोन करून टाकाव्यात.

शेवटची अडचण हायराची नाही, यामलची. फाइलचा मोड (परवानग्यांचा आकडा) ०६४४ कोट्सशिवाय लिहिला की यामल तो ऑक्टल (आठच्या पायाचा आकडा) समजून ४२० हा आकडा देतो, आणि पपेटला मोड स्ट्रिंगच हवा. 'यस' आणि 'नो' सुद्धा कोट्सशिवाय लिहिले की बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) होतात. आता मोड, व्हर्जन नंबर आणि असले शब्द मी डोळे झाकून कोट्समध्येच टाकतो.