आकाशातून मासा पडतो, त्याची गोष्ट

आज टेक रिहर्सल, म्हणजे दिवे-आवाज-सामानासकट तांत्रिक तालीम. मेलबर्नच्या उपनगरातली आमची छोटी हौशी संस्था, कम्युनिटी हॉल, आणि नाटक अँड्र्यू बोव्हेलचं 'व्हेन द रेन स्टॉप्स फॉलिंग' (पहिला प्रयोग २००८, ॲडलेड). सुरुवात २०३९ सालच्या, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये, धो धो पावसात. मासे जवळपास संपलेत, आणि एका माणसाच्या पायाशी आकाशातून मासा पडतो!

तो मासा पाडायचं काम माझं. खरा आणला तर दिव्यांच्या उष्णतेत हॉलभर वास. रबराचा हलका, पडल्यावर उसळी मारतो. शेवटी पोटात वाळू भरून शिवला. आज पहिल्यांदा 'धप्प' असा मनासारखा आवाज आला आणि लाइटवाल्या काकांनी वरून शिट्टी मारली.

पण खरी कसोटी सूपची. १९५९ ते २०३९ मधल्या चार पिढ्या एकाच टेबलावर, एकमेकांना न दिसता, सूप पितात. एलिझाबेथ या पात्राची तरुण आणि म्हातारी रूपं, दोघी एकाच वेळी स्टेजवर! आज सगळ्यांचे चमचे एका लयीत पडले आणि विंगेत माझ्या अंगावर काटा आला. 'बांगलादेशात लोक बुडतायत' हे वाक्य तर पिढी बदलली तरी येतच राहतं. पावसाच्या गप्पा मारत मूळ विषय टाळणं आपल्याही घरात चालतंच की.

वंशावळ पहिल्या अंकात कळली नाही तर घाबरू नका, आमच्या अर्ध्या नटांनाही आत्ता कुठे कळलीय. शुक्रवारपासून प्रयोग. हीटर घरघरतो म्हणून बंद ठेवणार आहोत, स्वेटर घालून या.