अभ्यासिकेतला खोकला

अर्ज व्यवस्थित टाइप केलेला होता. खाली अभ्यासिकेतल्या अकरा मुलांच्या सह्या, सोबत नऊ पुस्तकांचे दाखल क्रमांक आणि एका पानाची झेरॉक्स. मागण्या दोन : अमुक सभासदाचं सभासदत्व रद्द करा, आणि त्याने वापरलेली ही नऊ पुस्तकं जाळून टाका. कारण, त्याला टीबी झालाय.

मी तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. कोणी कोणतं पुस्तक नेलं हे फक्त देवघेवीच्या रजिस्टरमध्ये असतं, आणि ते रजिस्टर काउंटरच्या आत असतं. म्हणजे यादी आतूनच गेली होती. झेरॉक्स पाहिल्यावर मात्र मला खालीच बसावंसं वाटलं. ते पान आमच्याच आरोग्य विभागातल्या एका जुन्या पुस्तकाचं होतं. क्षयरोग्याची भांडी, कपडे, पुस्तकं वेगळी ठेवावीत, असा सल्ला त्यात होता. वर आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का.

ही जुनी वैद्यकीय पुस्तकं कपाटात का राहतात, ते बाहेरच्यांना कळणार नाही. वर्ग टिकवायला ग्रंथसंख्या दाखवावी लागते, आणि वर्गावर अनुदान ठरतं. एक पुस्तक रद्द करायचं तर यादी, ठराव, मंजुरी, दाखल नोंदवहीत लाल शाईची नोंद. कार्यकारी मंडळाला पुस्तक कमी होणं म्हणजे हानी वाटते. कादंबरी जुनी झाली तर कोणाचं बिघडत नाही, पण औषधोपचाराचं पुस्तक शिळं झालं की ते चुकीचं बोलायला लागतं. हे मी बैठकीत मांडलंय. इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं जातं.

आमच्याकडे महिन्यातून एकदा ‘आरोग्य कट्टा’ असतो. एरवी रक्तदाब, साखर तपासायला वृत्तपत्र विभागातली ज्येष्ठ मंडळी येतात. 24 मार्च, जागतिक क्षयरोग दिन, या दिवशी मी तो कार्यक्रम मुद्दाम वरच्या मजल्यावर अभ्यासिकेत नेला. एमपीएससीची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे बसतात, वडापाववर दिवस काढतात, आणि दुखणं अंगावर काढण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. सरकारी दवाखान्यातले क्षयरोग पर्यवेक्षक आले होते. त्यांना माझी एकच अट होती : खोकला कोणाला आहे, हे भर सभेत विचारायचं नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारं वजन, एवढं सांगा. थुंकीच्या डब्या संदर्भ विभागातल्या कपाटाआड ठेवू. ज्याला हवी तो मागेल.

तो मुलगा सगळे पांगल्यावर आला. हातात अंकगणिताचं पुस्तक, कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक आणि पट्ट्याचं उरलेलं टोक पार मागेपर्यंत गेलेलं. “मॅडम, ती डबी मिळेल का?” एवढंच म्हणाला. सकाळी उठल्याउठल्या, नुसती लाळ नको, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, हे पर्यवेक्षकांनी त्याला शांतपणे समजावलं. त्या माणसाचं मला फार कौतुक आहे.

अहवाल पॉझिटिव्ह आला. औषधं मोफत मिळतात : पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. गोळ्या सुरू झाल्यावर एका सकाळी त्याचा घाबरून फोन आला, लघवी लाल-केशरी होतेय. ते रिफाम्पिसिनमुळे होतं, हे मला माहीत होतं, म्हणून त्याला धीर देता आला. सरकारकडून पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 होते. त्या पैशातून अभ्यासिकेची फी भरली तर चालेल का, असं त्याने विचारलं. अंडी आणि शेंगदाणे खा, फीचं मी बघते, असं मी म्हटलं.

आणि मग हा अर्ज. त्याच संध्याकाळी बैठक होती. कार्यवाह म्हणाले, “बाई, मुलांचंही म्हणणं बघा. उद्या कोणी सभासद राहणार नाही.” मी सांगितलं, टीबी हवेतून पसरतो, रुग्णाच्या खोकल्यातून. पुस्तकाच्या पानाला हात लावून होत नाही, ताटवाटीतूनही नाही. ही भीती नवी नाही. ब्रिटनमध्ये 1907 च्या कायद्याने संसर्गजन्य आजार असलेल्यांना वाचनालयाची पुस्तकं वापरायला बंदी केली होती. शंभर वर्षांनंतर आपण तेच करणार का?

मग मी खिडक्यांचा विषय काढला. एका देणगीदाराने अभ्यासिकेला एसी दिला, तेव्हा गार हवा जाऊ नये म्हणून चारही खिडक्या प्लायवूड ठोकून बंद केल्या गेल्या. तीस खुर्च्या, एक दार, तीच हवा दिवसभर फिरतेय. धोका असलाच तर तिथे आहे, त्या नऊ पुस्तकांत नाही. आणि ज्या अकरा जणांनी सह्या केल्यात, ते त्याच्याच शेजारी महिनोन्‌महिने बसलेत. त्यांनी आधी तपासून घ्यायला हवं.

निर्णय असा झाला : सभासदत्व ठेवावं, पुस्तकं ‘तूर्त’ बाजूला ठेवावीत, खिडक्यांबाबत देणगीदारांना विचारावं. मी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून प्लाय काढून घेतला. देणगीदार रागावले नाहीत, त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं.

यादी कोणी दिली तेही कळलं. सह्या करणाऱ्यांत आमच्या लिपिकाचा पुतण्या आहे. माणूस वाईट नाही. तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं काउंटर सांभाळतोय, आणि सभासदाची नोंद ही त्याची खासगी गोष्ट आहे, हे त्याला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नाही. रजिस्टर आता कुलपात असतं. पण त्या मुलाच्या आजाराची बातमी मुळात कुठून फुटली, हे मला अजून उमगलेलं नाही. कपाट पुरेसं आड नव्हतं का? की मी फीबद्दल कार्यवाहांशी बोलले, तेव्हा कोणी ऐकलं?

अकरापैकी चौघांनी तपासणी करून घेतली, चौघंही निगेटिव्ह. बाकीचे ‘परीक्षेनंतर’ म्हणतात. दाखवलेलं ते जुनं पुस्तक मी रद्द करायच्या यादीत सगळ्यात वर लिहिलंय, आणि ती नऊ पुस्तकं स्वतःच्या हाताने परत फळीवर लावलीत.

डॉक्टरांनी त्या मुलाला आता सगळ्यांत बसायला हरकत नाही असं सांगितलंय. तो येत नाही. गावीच अभ्यास करतो, मी प्रश्नसंच एसटीने पाठवते. गेल्या आठवड्यात त्याचा अनामत रक्कम परत मागणारा अर्ज आला. असे अर्ज पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घ्यायचे असतात. हा मी अजून घेतलेला नाही.